गाडी मालाची की माणसांची?

दिवाळीचा हंगाम उरकला आणि सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, यंदा गाडी घ्यायचीच असं ठरलंय. रविवारी या तुम्ही. तुम्ही आल्याशिवाय आमचं काही एकमत व्हायचं नाही." मी साताऱ्यात राहतो आणि गाड्यांच्या धंद्याशी माझा संबंध आला तो फक्त गाडीत बसण्यापुरता. पण घरात चार जणांची पाच मते झाली, की निवाड्याला मामाला बोलवायचे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तेव्हा सकाळची एस.टी. धरली आणि दुपारच्या जेवणाला सांगली गाठली.

भाच्याचा धंदा तसा घरगुतीच. हळद पूड, कांदा-लसूण मसाला, बेदाणा आणि भडंग. घराच्या मागच्या दोन खोल्यांत माल तयार करायचा, पाकिटे भरायची आणि सांगली, मिरज, तासगावच्या दुकानांत पोहोचवायची. आठवड्यातून एकदा आष्ट्यावरून पेठ नाका आणि तिथून कराड. महिन्यातून दोनदा थेट सातारा. आजवर जवळचा माल स्कूटरवर आणि लांबचा भाड्याच्या टेम्पोने जात होता. आता स्वतःची छोटी मालवाहू गाडी हवी, इथवर सर्वांचे एकमत होते. मतभेद त्यापुढे सुरू झाले.

दाजींचे म्हणणे, उघड्या हौद्याचा छोटा हत्ती घ्यावा. धंदा मंद असेल तेव्हा लोकांची भाडी मारता येतील. भाच्याला बंद व्हॅन हवी होती, कारण मसाल्याला पाऊस आणि धूळ दोन्ही वर्ज्य. नातवंडांना गाडीत गाणी लागली पाहिजेत, एवढीच अट. आणि अक्का? अक्काने पदर खोचत शेवटचा शब्द टाकला, "एवढे पैसे घालताय, तर पालीच्या यात्रेला घरच्या सगळ्यांना मागं बसून जाता आलं पाहिजे. पोत्यांना गाडी आणि माणसांना एस.टी., हा कुठला न्याय?"

अक्काचा हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. सातारा-सांगलीकडे छोटी मालगाडी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतो. सोमवार ते शनिवार माल आणि रविवारी माणसे, अशी एकच गाडी आपल्याला हवी असते. पैसे एकाच गाडीचे असतात, गरजा मात्र दोन. त्या दोन गरजा एका गाडीत कोंबताना आपण काय पणाला लावतो, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

टेम्पो, मॅटाडोर आणि व्हॅन

आपल्याकडे कोणत्याही लहान मालगाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतात. हे खरे तर एका जर्मन गाडीचे नाव. जर्मनीतल्या विडाल अँड सोन या कंपनीच्या 'टेम्पो' गाड्या भारतात बनवण्यासाठी १९५८ साली फिरोदियांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. आधी तीन चाकांचा टेम्पो आला, मग चार चाकांची मॅटाडोर. २००५ साली कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण टेम्पो हा शब्द मराठीत कायमचा मुक्कामाला राहिला. आमच्या पिढीतल्या किती लग्नांची वऱ्हाडे मॅटाडोरमधून गेली याची गणती नाही. पुढे नवरा-नवरी, मध्ये बायका, मागे रुखवत आणि टपावर गाद्या, असा तो सगळा थाट असे.

१९८४ साली मारुतीची व्हॅन आली. १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले. ७९६ सीसीचे छोटे इंजिन पुढच्या आसनांखाली आणि बाजूला सरकणारी दारे. या डबीने काय काय केले नाही! शाळेची मुले वाहिली, रुग्णवाहिका झाली, भाजी विकली, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्याचे दुकान झाली. हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांनी तर नायिकेला पळवण्याचे काम कायम तिच्यावरच सोपवले. अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले आणि २०१९ साली ओम्नीचे उत्पादन थांबले.

मधल्या काळात २००१ साली मारुतीने व्हर्सा नावाची ऐसपैस गाडी आणली. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन असे बापलेक होते, तरी गाडी फारशी खपली नाही. मग त्याच सांगाड्यावरचा डामडौल कमी करून २०१० साली ईको आली आणि ती मात्र चालली. तिची मालवाहू आवृत्तीही आज रस्तोरस्ती दिसते. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला गाडीत काय हवे होते, हे यावरून ध्यानात येते.

दुसऱ्या बाजूला २००५ साली टाटांनी पुण्यात 'एस' बनवायला घेतली. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि मागे छोटासा हौदा. लोकांनी तिचे बारसे 'छोटा हत्ती' असे केले. ही गाडी आखताना कंपनीची माणसे तीनचाकीवाल्यांना भेटत हिंडत होती. तेव्हा एक जण म्हणाला, की चार चाकांची गाडी असती तर गावात सोयरीक चांगली जमली असती, असा किस्सा सांगितला जातो. मला तो पटतो. आपल्याकडे गाडी ही घराची पतही असते. मग तिच्यात घरच्या माणसांनी बसावे असे अक्काला वाटले, तर त्यात तिचे काय चुकले?

आधी वही, मग गाडी

त्या दुपारी मी कोणाच्याच बाजूने कौल दिला नाही. भाच्याला म्हटले, "महिनाभर एक वही घाल. रोज किती किलो माल गेला, किती जागा लागली, किती किलोमीटर झाले आणि माल कोणी चढवला-उतरवला, एवढेच लिही." त्याला हे पटले नसावे, पण मामाचा शब्द म्हणून त्याने वही घातली. महिन्याने ती पाहिली, तेव्हा निम्मे वाद आपोआप मिटले होते.

पहिली गोष्ट, वजन आणि जागा या दोन वेगळ्या बाबी आहेत. हळदीची ५० किलोची दहा पोती म्हणजे अर्धा टन. पण ती हौद्याच्या तळाशीच बसतात. उलट भडंगाची पोती टपापर्यंत रचली तरी काटा फारसा हलत नाही. भाच्याचा सगळ्यात जड दिवस निघाला ४८० किलोंचा आणि सगळ्यात फुगीर दिवस भडंगाचा, अवघ्या १६० किलोंचा. म्हणजे टनभर वाहणारी गाडी त्याला नकोच होती. त्याला हवी होती उंच, बंद आणि कोरडी जागा. ज्याचा माल बाजार समितीतला आहे, ज्याला भाजीचे क्रेट, पत्रे, पाइप किंवा कडबा न्यायचा आहे, त्याला हेच गणित उघड्या हौद्याकडे नेईल. तेव्हा शेजाऱ्याची गाडी पाहून आपली घेऊ नये.

गाडी किती वजन पेलते, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये. नोंदणीच्या कागदावर दोन आकडे असतात, गाडीचे रिकामे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दुसऱ्यातून पहिले वजा करा; उरले त्यात चालक आणि शेजारी बसणाराही धरा. राहील तेवढाच तुमचा माल. सीएनजीची टाकी असेल, तर तिचे वजन आणि तिने खाल्लेली जागा याच हिशेबात येते. "पाटे टाकून घ्या, दुप्पट माल जातो," असे सांगणारे भेटतील. पाटे वाढवता येतात. ब्रेक मात्र कंपनीने दिले तेवढेच राहतात.

दुसरी गोष्ट पैशाची. भाड्याच्या टेम्पोच्या महिन्याला १२ फेऱ्या, सरासरी १,८०० रुपये धरून २१,६०० रुपये जात होते. स्वतःच्या गाडीसाठी ५ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता येतो सुमारे १०,६०० रुपये. विमा, कर आणि पासिंगचे महिन्याकाठी २,५०० धरले, टायर आणि सर्व्हिसिंगचे २,०००. महिन्याला १,२०० किलोमीटर, लिटरला १५ चे ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर ८,४०० रुपये इंधनाचे. बेरीज झाली २३,५०० रुपये. म्हणजे स्वतःची गाडी महागच पडत होती! सीएनजी धरला, किलोला २० किलोमीटर आणि ९० रुपये दर, तर इंधन ५,४०० वर आले आणि एकूण खर्च २०,५०० वर. यात हातचे भरायचे दीड लाख आणि भाच्याचे स्टिअरिंगवर जाणारे तास धरलेले नाहीत. पगारी ड्रायव्हर ठेवायचा म्हटले, तर हिशेब पुन्हा कोसळतो.

मग गाडी घ्यायचीच कशाला? याचे उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर भाच्याने स्वतःच लिहिले होते. दिवाळीच्या आधीच्या दहा दिवसांत टेम्पो मिळत नाही आणि वर्षाचा निम्मा नफा त्याच दहा दिवसांत असतो. गेल्या दिवाळीत दोन मोठ्या ऑर्डरी माल तयार असून हातच्या गेल्या होत्या. हे कारण मला पटले. गाडी घ्यावी, पण 'भाडे वाचते' या भ्रमात घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा आहेच. विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्के आहे. ज्यांची फेरी शहरातल्या शहरात ठरलेली आहे आणि रात्री गाडी दारात उभी राहते, त्यांनी विजेच्या मालगाडीचा विचार जरूर करावा. भाच्याची साताऱ्याची जाऊन-येऊन २४० किलोमीटरची फेरी मात्र त्यात सहज बसत नव्हती.

घाट, बोळ आणि कंबर

आपला भाग सपाट नाही. सांगली-मिरज-तासगाव ठीक आहे. पण साताऱ्याहून पुण्याकडे निघाले की खंबाटकी, वाईवरून पाचगणीला चढायचे तर पसरणी, कासला जायचे तर यवतेश्वर. ज्याला असे घाट चढायचे आहेत त्याने शोरूमसमोरच्या रस्त्यावर रिकामी गाडी चालवून काही ठरवू नये. त्यापेक्षा ज्या जातीची गाडी घ्यायची तीच गाडी एक दिवस चालकासह भाड्याने घ्यावी, आपलाच माल भरावा आणि आपल्याच रस्त्याने जावे. चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलायला सांगावे. एका दिवसाच्या भाड्यात पाच वर्षांच्या कर्जाची परीक्षा होते.

ईको किंवा छोटा हत्ती यांसारख्या गाड्यांची मागची चाके ओढतात. माल मागे असल्याने भरलेली गाडी चढावर चांगली पकड घेते. तीच गाडी रिकामी असताना पावसाळ्यातल्या चिखलात मागून घसरू शकते. व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे पुढे नाक लांब नाही आणि जागा मागे मिळते. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात सांगलीत बैठकीखालून ऊब लागते, हा झाला त्रास. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. समोरून धडक बसली, तर आपले पाय आणि समोरचे वाहन यांत अंतर थोडे असते. २०१६ साली ग्लोबल एनकॅपने केलेल्या चाचणीत तेव्हाच्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले. २०२५ मध्ये प्रवासी ईकोत सहा एअरबॅग आल्या. मालवाहू गाडी घेताना मात्र हे नीट विचारून घ्यावे. ज्या प्रकारची गाडी घेत आहोत, तिच्यातच काय आहे ते लेखी मागावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीतल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. रंगरंगोटी करून गाडी नवी दिसते, पण पायपुसण्याखालचा पत्रा, आसनांचे रूळ आणि सुट्या चाकाची खोबण यांत गाळ आणि गंज लपून राहतो. एमएच-१० असो की एमएच-११, आधी खाली वाकून हात घालून पाहावे.

हे सगळे बोलणे चालले असता सूनबाई चहा घेऊन आल्या आणि मला एकदम जाणवले, की आपण तिला एका शब्दानेही विचारलेले नाही. मसाला तिचा, पाकिटे ती भरते, आणि वही पाहिली तर निम्म्या वेळा माल चढवणारीही तीच. तिने दोनच गोष्टी सांगितल्या. "मामा, गाडीचा तळ कमरेच्या खाली हवा, पोतं वर उचलून टाकताना कंबर धरते. आणि दार सरकतं पाहिजे. गणपती पेठेत उघडणारं दार उघडायला जागाच नसते." साताऱ्याच्या खणआळीत माल उतरवणाऱ्यालाही हेच पटेल. आम्ही इतका वेळ सीसी आणि ॲव्हरेज यांवर भांडत होतो. रोज ज्याच्या हाताला आणि कमरेला गाडीची गाठ पडते, त्याचे मत आधी घ्यावे, हे साधे शहाणपण आम्हा बुजुर्गांना सुचले नव्हते.

तिची आणखी एक शंका होती. तिच्याकडे मोटारीचा परवाना होता. पिवळ्या पाटीची गाडी चालवायला वेगळा लागेल, असे कुणी एजंट सांगून गेला होता. ती शंका आता उरलेली नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की हलक्या मोटारीचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. शिवाय भरून ३,००० किलोंच्या आतल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमान्वये परमिटही लागत नाही. पासिंग मात्र चुकत नाही. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी.

मागे कोण बसणार?

आता अक्काच्या प्रश्नाकडे येतो. बंद व्हॅन घेऊन मागे सतरंजी अंथरली, तर दहा माणसे सहज बसतील. पालीला जायला दीड-दोन तास, त्यात काय एवढे? असेच आपण सर्व जण म्हणतो. मीही म्हणत आलो होतो, २००४ च्या मे महिन्यापर्यंत.

त्या महिन्यात आमच्या घरचे एक वऱ्हाड वाईहून पसरणी घाटाने वर निघाले होते. टेम्पो माझ्या चुलतभावाचा. मागे वीस-बावीस माणसे, बहुतेक बायका आणि मुले. एका वळणावर गाडी चढेना, बंद पडली, मागे सरकली, डोंगराच्या बाजूला आदळली आणि आडवी झाली. देवाची कृपा म्हणून दरीच्या बाजूला गेली नाही. कोणी दगावले नाही. पण माझ्या मावशीचा उजवा खांदा कायमचा गेला. त्यानंतर तिला स्वतःची वेणी घालता आली नाही.

खरी शिक्षा पुढे होती. गाडीचा विमा होता, हप्ते वेळेवर भरलेले होते. तरी मागे बसलेल्या एकाचीही भरपाई विम्यातून मिळाली नाही, आणि कायद्याने ते बरोबरच होते. मालगाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. तशी दुरुस्ती १९९४ साली झाली. पण वऱ्हाडी, यात्रेकरू, भजनी मंडळ, कामावरून परतणारे मजूर हे त्यात बसत नाहीत. २००२ साली आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. मालगाडीतून फुकट किंवा भाड्याने नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. ती येते गाडीच्या मालकावर. चुलतभावाने ओढ्याकडचा पाऊण एकर विकला आणि दवाखान्यांची बिले भागवली. त्याने कोणाला नाही म्हटले नाही, कोणी त्याच्यावर फिर्याद केली नाही. पण दोन घरांत जी अढी पडली, ती मावशी गेली तेव्हाही निघाली नव्हती.

म्हणून मालगाडीच्या मागे माणसे बसवताना दोघांचे नुकसान आपण ओढवून घेतो. बसणाऱ्याला आधार नाही, पट्टा नाही, विमा नाही. आणि नेणारा, जो बहुधा आपलाच कोणी असतो आणि प्रेमापोटीच नेतो, तो एका वळणावर जमीन गमावू शकतो.

यावर भाच्याने तोड काढली. "मग मामा, प्रवासी गाडीच घेऊ. मागची आसनं काढून माल भरू आणि रविवारी परत बसवू." हा मार्गही अनेक जण पत्करतात, आणि तोही अर्धवटच आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीच्या विम्यात नमुने आणि स्वतःचे सामान यापलीकडे माल वाहणे वगळलेले असते. रोजचा धंद्याचा माल भरून जाताना अपघात झाला, तर तिथेही विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी. म्हणजे कागद दोनच आहेत, मालाचा आणि माणसांचा. एक निवडावाच लागतो.

आणि तो निवडणे वाटते तेवढे अवघड नाही. मी पुन्हा वही उघडली आणि अक्कालाच विचारले, "वर्षात माल किती दिवस जातो?" ती म्हणाली, "रविवार-सण सोडून रोजच की." "आणि सगळ्यांनी मिळून जायचं ते किती वेळा?" तिने बोटे मोजली. पालीची यात्रा, वाडीची एक पौर्णिमा, माहेरची जत्रा, एखादे लग्न, दिवाळीनंतर मुलांना घेऊन कुठेतरी. पाच, फार तर सहा. सहा दिवसांसाठी परवान्याची, विम्याची प्रवासी गाडी भाड्याने केली, तर एका दिवाळीच्या नफ्यातून ती सहज निघते. ज्या घरात उलट हिशेब येईल, म्हणजे माणसे रोज आणि माल महिन्यातून दोनदा, त्यांनी खुशाल प्रवासी गाडी घ्यावी आणि मालासाठी टेम्पो बोलवावा. जे रोजचे आहे त्याची गाडी घ्यावी; जे कधीमधीचे आहे ते भाड्याने आणावे. वहीतून निघालेला सारांश एवढाच.

दाजींचा 'भाडी मारण्याचा' बेतही याच वेळी मागे पडला. भाडी मारायची म्हणजे गाडी घरात नसणार. आणि गाडी घेतली ती वेळेला दारात असावी म्हणून.

शेवटी भाच्याने सीएनजीची बंद मालवाहू व्हॅन घेतली. दार सरकते, तळ कमरेच्या खाली. पूजेच्या दिवशी मीही गेलो होतो. हार घालून झाल्यावर सूनबाईंनी पहिली फेरी मारली आणि शेजारच्या आसनावर अक्काला बसवले. त्या आसनाची नोंद कागदावर आहे, त्याला पट्टाही आहे. मागे कोणी नव्हते. फक्त हळदीची दोन पोती होती, शुभ म्हणून ठेवलेली.

पौषात पालीच्या यात्रेला सगळे गेले ते भाड्याच्या प्रवासी गाडीने. मी साताऱ्याहून परस्पर गेलो. भंडारा उधळून झाल्यावर देवळाबाहेर अक्का भेटली. म्हणाली, "गाडी आपली घरी उभी आणि आपण परक्या गाडीत, जरा चुकल्यासारखंच वाटलं बघ." मग थोडे थांबून पुढे म्हणाली, "पण येताना वळणावळणावर मला मावशीची आठवण येत होती. बरं केलंस."

येताना कराडच्या रस्त्यावर मला तीन छोटे हत्ती दिसले. तिन्हींच्या हौद्यात माणसे दाटीवाटीने उभी होती, अंगावर भंडारा, मांडीवर आणि खांद्यावर लेकरे. सर्व जण आनंदात होते. चालवणाराही त्यांच्याच घरातला कोणी असणार.